जामीन नाकारला, पुढे काय?

सोलापूरच्या सत्र न्यायालयात मी वकिली सुरू केली आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी बाजूला आले. खालच्या कोर्टाने जामीन नाकारलेल्या माणसांची प्रकरणं चालवणं हेच तेव्हापासून माझं मुख्य काम आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे शंभरातले जवळजवळ शहात्तर, कच्चे कैदी होते. त्यांच्यावरचा गुन्हा अजून शाबीत व्हायचा होता. अशा पुष्कळांच्या फायलीत 'अर्ज नामंजूर' असा एक आदेश असतो. त्या आदेशाविरुद्ध वर दाद मागताना मला जे उमगत गेलं, ते नव्या वकिलांसाठी आणि ज्यांच्या घरातलं माणूस आत आहे त्यांच्यासाठी लिहिते आहे.

१. आधी नकाराचा आदेश वाचा

नातेवाईक एफआयआर, पंचनामे आणि दोषारोपपत्राचे गठ्ठे घेऊन येतात. मी त्यांच्याकडे आधी नामंजुरीचा आदेश मागते, कारण खालच्या न्यायालयाला नेमकी कशाची भीती वाटली ते त्यात कळतं. जामिनाचे मूळ प्रश्न मोजके आहेत. आरोपाला प्रथमदर्शनी आधार आहे का? माणूस पळून जाईल का? साक्षीदारांना धमकावेल का, पुरावा बिघडवेल का? सुटल्यावर पुन्हा तसंच काही करेल का?

काही आदेशांत चार पानं फिर्यादीची हकिगत असते आणि कारण म्हणून शेवटी 'गुन्हा गंभीर स्वरूपाचा आहे' एवढंच असतं. टू-जी प्रकरणातल्या संजय चंद्र निकालात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली बजावलं, की आरोपाचं गांभीर्य पाहायलाच हवं, पण ती एकमेव कसोटी नाही. आरोपीने खटल्याला हजर राहावं यासाठी जामीन असतो. निकालाआधीच्या कैदेचा शिक्षेसारखा वापर करायचा नसतो. आदेशात कारण नसेल तर ते दाखवून द्यावं. कारण असेल तर त्याच कारणाला उत्तर द्यावं. खालच्या कोर्टाने 'आरोपीला कायमचा पत्ता नाही' म्हटलं असेल, तर वीजबिल, मुलांच्या शाळेचे दाखले, भाडेकरार आणि मालकाचं प्रतिज्ञापत्र लावावं. अशा वेळी वीस निवाड्यांची यादी लावून काही साधत नाही.

२. अर्ज की अपील, हे पहिल्याच दिवशी ठरवा

सर्वसाधारण गुन्ह्यांत जामीन नाकारला म्हणून 'अपील' होत नाही. सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय या दोघांनाही जामिनाचे विशेष अधिकार आहेत. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४३९ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८३ मध्ये आहेत. त्यामुळे उच्च न्यायालयात नवा जामीनअर्ज जातो. खालचा आदेश समोर असतो, पण न्यायमूर्ती सगळा प्रश्न नव्याने पाहू शकतात.

काही विशेष कायद्यांत मात्र अपीलच करावं लागतं. राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या कायद्यातल्या कलम २१ प्रमाणे विशेष न्यायालयाच्या जामीन-आदेशाविरुद्ध उच्च न्यायालयात अपील होतं, ते दोन न्यायमूर्तींपुढे चालतं आणि मुदत तीस दिवसांची असते. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातही २०१६ पासून कलम १४-अ खाली अपीलच आहे. तिथे मुदत नव्वद दिवसांची. साधा जामीनअर्ज चुकीच्या सदराखाली दाखल झालेला मी पाहिला आहे. कार्यालयाने हरकत काढली, दुरुस्ती झाली, नवा क्रमांक पडला, बोर्ड बदललं. एवढ्या वेळात आतल्या माणसाचे कित्येक आठवडे गेले. म्हणून नामंजुरीचा आदेश होईल त्याच दिवशी प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करावा आणि कलमं पाहून दाद कुठे मागायची ते ठरवावं.

३. पीडितालाही पक्ष माना

अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम १५-अ प्रमाणे जामिनाच्या सुनावणीची सूचना पीडिताला द्यावी लागते आणि त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. लखीमपूर खेरी प्रकरणात उच्च न्यायालयाने दिलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये रद्द केला. पीडितांना नीट ऐकून घेतलं नव्हतं, हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. मी आरोपीची वकील आहे, तरी हे मला मनापासून पटतं. समोरच्याला टाळून मिळवलेला आदेश टिकत नाही. फिर्यादी त्याच गावातली असेल, तर आरोपी खटला संपेपर्यंत तालुक्याबाहेर राहील ही अट मी स्वतःहून सुचवते. न्यायालयाच्या मनातल्या भीतीवर आपण आधीच उपाय देतो, आणि त्या बाईलाही थोडा आधार वाटतो.

इथे आणखी एक फरक सांगायला हवा. जामीन मिळाल्यावर पुढच्या वागणुकीसाठी तो रद्द करायचा असेल तर भक्कम कारण लागतं, असं दौलतराम निकालाने १९९४ साली सांगितलं. मुळात आदेशच सारासार विचार न करता दिला असेल, तर वरचं न्यायालय तो वेगळ्या कसोटीवर तपासून बाजूला सारू शकतं. महिपाल निकालाने २०१९ साली हा भेद नीट मांडला. म्हणून आदेशात कारणं यावीत यासाठी आरोपीच्या वकिलानेही आग्रह धरावा. कारणं असलेला जामीन वर टिकतो.

४. साठाव्या आणि नव्वदाव्या दिवसाची नोंद ठेवा

तपास ठराविक मुदतीत संपला नाही आणि दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. मुदत गुन्ह्याप्रमाणे साठ किंवा नव्वद दिवसांची असते. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे यूएपीएमध्ये, न्यायालयाच्या परवानगीने ती १८० दिवसांपर्यंत वाढू शकते. मुदत टळल्यामुळे मिळणाऱ्या या जामिनाला डिफॉल्ट जामीन म्हणतात. इथे गुन्हा किती गंभीर आहे हा प्रश्नच येत नाही. पण हक्क मागावा लागतो. मुदत संपल्यावर आणि दोषारोपपत्र येण्याआधी अर्ज दिला नाही, तर तो निसटतो. अर्ज वेळेत दिला असेल, तर न्यायालयाने तो पुढे ढकलला किंवा चुकीने फेटाळला म्हणून हक्क बुडत नाही. महाराष्ट्रातल्याच उदय मोहनलाल आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली हे ठरवलं.

भीमा-कोरेगाव प्रकरणात या मुद्द्याचा अर्थ साऱ्या महाराष्ट्राला दिसला. १ डिसेंबर २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने सुधा भारद्वाज यांना डिफॉल्ट जामीन दिला, कारण तपासाची मुदत ज्या न्यायालयाने वाढवली त्याला तो अधिकारच नव्हता. त्याच निकालात आठ सहआरोपींना मात्र हा लाभ मिळाला नाही. त्यांनी योग्य वेळी तसा अर्ज केला नव्हता, हे कारण उच्च न्यायालयाने दिलं. प्रकरण एकच असूनही वेळेवर दिलेल्या अर्जामुळे एकीची सुटका झाली आणि आठजण या हक्काला मुकले. माझ्याकडच्या ज्युनिअर मुलामुलींना मी हा निकाल पहिल्या आठवड्यात वाचायला देते. अटकेनंतरच्या पहिल्या रिमांडची तारीख फायलीच्या वेष्टनावर ठळक लिहायची, मुदतीचा दिवस मोजून खाली लिहायचा, आणि डिफॉल्ट जामिनाचा अर्ज आधीच टंकून तयार ठेवायचा, असा आमच्या कार्यालयाचा नियम आहे.

५. कडक कायद्यांतही दार पूर्ण बंद नसतं

यूएपीए, मोक्का, अमली पदार्थांचा कायदा आणि मनी लाँडरिंगचा कायदा यांत जामिनाला जादा अटी आहेत. यूएपीएच्या कलम ४३-ड (५) प्रमाणे आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन देता येत नाही. इतर तिन्ही कायद्यांत आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण आहे, आणि तो सुटल्यावर गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते. खटला सुरू होण्याआधी हे दाखवणं फार अवघड आहे. त्यात वटाली निकालाने २०१९ साली सांगितलं, की या टप्प्यावर पुराव्याची खोल छाननी करायची नाही.

नकार यांतल्या एखाद्या कायद्याखाली आला की घरचे आशा सोडतात. त्यांना मी पुढचा इतिहास सांगते. फेब्रुवारी २०२१ मध्ये के. ए. नजीब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाने दिलेला जामीन कायम केला. आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ आत होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे राहिले होते. खटला वाजवी वेळेत संपणार नसेल, तर कायद्यातली जादा अट घटनेच्या कलम २१ च्या आड येऊ शकत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. जुलै २०२३ मध्ये भीमा-कोरेगाव प्रकरणातल्याच व्हर्नन गोन्साल्विस आणि अरुण फरेरा यांना जामीन देताना न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं. प्रथमदर्शनी पाहतानासुद्धा पुराव्याला वजन किती आहे, हे वरवर का होईना तपासलंच पाहिजे, असं ते म्हणालं. ऑगस्ट २०१८ मध्ये अटक झालेले हे दोघे तोवर पाच वर्षांच्या उंबरठ्यावर पोचले होते. जुलै २०२४ मध्ये जावेद गुलाम नबी शेख हे मुंबईतलं बनावट नोटांचं प्रकरण आलं. चार वर्षं होऊनही आरोपनिश्चिती झालेली नव्हती. उच्च न्यायालयाने नाकारलेला जामीन सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि गुन्हा कितीही गंभीर असला तरी जलद खटल्याचा हक्क उरतोच, हे ठासून सांगितलं.

सगळे निकाल एकाच दिशेचे नाहीत. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुरविंदर सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्याच पीठाने नजीबचा आधार लागू होत नाही असं म्हणून जामीन नाकारला. म्हणून नुसती निवाड्यांची नावं घेऊन काम होत नाही. अपिलात एक तक्ता जोडावा: अटक कधी झाली, आरोपनिश्चिती कधी, साक्षीदार किती, तपासून किती झाले, आणि पुढे ढकललेल्या तारखांपैकी किती आरोपीमुळे गेल्या. यातली बहुतेक माहिती रोजनाम्यातून निघते. उशीर आरोपीने केलेला नाही, हे रोजनाम्यातून दिसलं की न्यायमूर्तींना निर्णयाकडे जायला आधार मिळतो.

६. आधीचा प्रत्येक अर्ज सांगा

पूर्वी कुठे, कधी, किती वेळा जामीन मागितला आणि काय झालं, हे नव्या अर्जात लिहावंच लागतं. २०२४ च्या सुरुवातीला कुशा दुरुका निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्याबाबत पुन्हा स्पष्ट सूचना दिल्या. एकदा नाकारला म्हणून दुसऱ्यांदा मागताच येत नाही असं नाही. पण कल्याणचंद्र सरकार निकालाने २००४ साली सांगितल्याप्रमाणे परिस्थितीत बदल दाखवावा लागतो. दोषारोपपत्र दाखल झालं, सारख्याच आरोपाच्या सहआरोपीला जामीन मिळाला, मुख्य साक्षीदाराची उलटतपासणी झाली, आजार बळावला, किंवा खटला हललाच नाही, तर तो बदल आहे. वकील बदलला, हा बदल नव्हे.

सुनावणीत न्यायमूर्तींचा कल विरुद्ध दिसला, तर दोन वाटा असतात. निकाल घेतला तर कारणं मिळतात आणि सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती मागता येते. पण ती अनुमती हा हक्क नव्हे, आणि विरोधी निरीक्षणं फायलीत राहतात. अर्ज मागे घेतला तर ती निरीक्षणं टळतात. मागे घ्यायचाच असेल, तर ठराविक महिन्यांत खटला पुढे सरकला नाही तर पुन्हा येण्याची मुभा आदेशात लिहून घ्यावी. हा निर्णय वकिलाने एकट्याने घेऊ नये. वर्षं आतल्या माणसाची जाणार असतात, म्हणून मी आदल्या आठवड्यात तुरुंगात मुलाखत घेऊन त्यालाच विचारते.

७. पेलतील अशाच अटी मागा

उच्च न्यायालयाने जामीन दिला आणि माणूस तरी आतच राहिला, असं अनेकदा होतं. जामीनदार हवा, त्याला ऐपतीचा दाखला हवा, तो शक्यतो त्याच जिल्ह्यातला हवा. पोटासाठी बिहारहून किंवा मराठवाड्यातून मुंबईत आलेल्या मजुराला असा माणूस कुठून मिळणार? मोतीराम निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी १९७८ सालीच सांगितलं आहे, की गरिबाला न पेलणारी रक्कम लादणं आणि जामीनदार परजिल्ह्यातला म्हणून नाकारणं अन्यायाचं आहे. एका रंगकाम करणाऱ्या पोरासाठी आम्ही आदेश मिळवला. पंधरा हजारांचा जामीनदार मिळेना, म्हणून आदेशानंतरही तो कित्येक आठवडे आत होता.

तेव्हापासून मुख्य मागणीसोबतच जातमुचलक्यावर सुटका, किंवा जामीनदार मिळेपर्यंत तात्पुरता रोख जामीन, हे मी अर्जातच लिहिते. जानेवारी २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या सूचना प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हव्यात. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत कैद्याला मिळाली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात बंधपत्र झालं नाही, तर अटी सैल करायच्या का याचा विचार न्यायालय स्वतःहून करू शकतं.

८. घरच्यांना खरं सांगा

'वर गेलं की होतंय' असं सांगून पैसे घेणारे भेटतात. अशा वेळी जमीन गहाण पडते. मी पहिल्या भेटीत तीन गोष्टी सांगते. जामीन नाकारला म्हणजे गुन्हा शाबीत झाला असं नाही. जामीन मिळाला म्हणजे निर्दोष सुटला असंही नाही. आणि तुरुंगात असलेल्या कोणत्याही माणसाला, त्याचं उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली मोफत वकील मिळू शकतो. उच्च न्यायालयातही त्यासाठी विधी सेवा समिती आहे, आणि अर्ज तुरुंगातूनच पाठवता येतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ चीही माहिती देते. गुन्ह्याला फाशी किंवा जन्मठेप नसेल आणि माणसावर दुसरे खटले नसतील, तर कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढल्यावर सुटकेचा विचार व्हावा लागतो. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याला एक तृतीयांश काळ पुरतो. माझ्या पक्षकारांच्या बायका आणि आया हे शब्द ऐकून वहीत लिहून घेतात आणि पुढच्या मुलाखतीत त्याला सांगतात. त्याने त्याला आत धीर येतो.

९. उशीर हाही नकारच

माझा सगळ्यात ठाम धडा हा आहे. बाकीच्या अपिलांत निकाल उशिरा आला तरी भरपाईला काहीतरी जागा राहते. जामिनाच्या दादीत प्रत्येक गेलेला दिवस म्हणजे भोगलेली कैद, आणि ती परत करता येत नाही.

वेगाने काम होऊ शकतं, हे आपण पाहिलं आहे. २०२१ च्या मुंबईच्या क्रूझ प्रकरणात विशेष न्यायालयाने २० ऑक्टोबरला जामीन नाकारला आणि उच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबरला दिला. अर्णब गोस्वामी प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने ९ नोव्हेंबर २०२० रोजी अंतरिम सुटका नाकारली, आणि दोन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने ती दिली. हा वेग योग्यच होता. तो सर्वांना मिळायला हवा. भीमा-कोरेगाव प्रकरणातल्या आनंद तेलतुंबडे यांचा जामीन विशेष न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये नाकारला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल आला तो १८ नोव्हेंबर २०२२ रोजी. जामीन-अपील शक्यतो तीन महिन्यांत निकाली काढावं, असं राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदाच सांगतो. आणि त्याच प्रकरणातले फादर स्टॅन स्वामी. चौऱ्याऐंशी वर्षांचे, पार्किन्सन्सने ग्रासलेले. विशेष न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये त्यांचा जामीन नाकारला. दाद उच्च न्यायालयात प्रलंबित असतानाच ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. ही बातमी न्यायमूर्तींना त्यांच्याच सुनावणीच्या दिवशी सांगावी लागली. त्यांच्या बाबतीत वरचं न्यायालय बरोबर ठरलं असतं की चूक, याचं उत्तर आता कधीच मिळणार नाही.

नियम आहेत. सतेंदरकुमार अंतिल निकालाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं, की विशेष तरतूद आड येत नसेल तर जामीनअर्ज दोन आठवड्यांत निकाली काढावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात अटकपूर्व जामिनाचा अर्ज उच्च न्यायालयात वर्षानुवर्षं पडून राहिल्याचं पाहून सर्वोच्च न्यायालयाने शक्यतो दोन महिन्यांची मर्यादा घातली. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे. त्यामुळे सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या माणसांना एका तारखेसाठी रात्रभर मुंबईचा प्रवास करावा लागत नाही. हे सगळं चांगलं आहे, पण एकेका फायलीत ते घडवून आणणं आपल्या हातात आहे.

म्हणून माझी तरुण वकिलांना विनंती आहे. बोर्डावर प्रकरण आलं आणि सरकारी वकिलांनी वेळ मागितला, तर 'हरकत नाही' म्हणू नका. हरकत आहे, हे नम्रपणे सांगा आणि ते रोजनाम्यात लिहून घ्या. आपल्याला स्वतःला वेळ हवा असेल, तर आधी आतल्या माणसाची परवानगी घ्या. न्यायमूर्तींनाही माझं मागणं आहे. जामीन द्यायचा नसेल तर नाकारा, पण लवकर नाकारा आणि कारणांसह नाकारा, म्हणजे त्या माणसाला पुढच्या दाराशी जाता येईल. हो किंवा नाही यांतलं काहीतरी एक, आणि तेही वेळेत, ऐकण्याचा हक्क घटनेने त्याला दिलेला आहे.